बयाआक्काची मागची भिंत

"क्रांते, मी एकदा उंबऱ्याच्या भाईर पाय टाकला की परत आत जाऊ देतील न्हवं?"

बयाआक्कानं विचारलं आणि मी कुणाला काडीचं न विचारता सांगून टाकलं, "व्हय की. न जाऊ द्यायला काय झालं? घर तुझं हाय." म्हणलं खरं, पण ते माझ्या मनचंच. मला तसं कुणी सांगितल्यालंच नव्हतं.

पहिल्यापासनं सांगतो, म्हणजे नीट कळंल. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत कोअर शॉपला हाय. लोखंड ओतताना आत पोकळी पडायला वाळूचा ठोकळा बसवत्यात, त्याला कोअर म्हणायचं. ते आमी बायका करतो. आणि हो, मी बाईच हाय. एचआरचे नवीन सम्राट साहेब पुण्याचे. मी "आलो साहेब" म्हणलं की गालात हसत्यात. हसू देत. आमच्या कोल्हापुरात बाई आली तरी "आलो"च म्हणती, आणि गेली तरी कुणाला विचारून जात न्हाय.

राहायला कंपनीच्या मागंच. कंपाउंडकडं पाठ करून, मधी बोळ सोडून, आमची चार घरांची ओळ हुती. हुती म्हणतो, कारण मधली दोन कंपनीनं घेतली. राजीखुशीनं घेतली, मी खोटं बोलणार न्हाय. माणसांनी सामान टेम्पोत भरलं, आमच्या गळ्यात पडून रडली आणि गेली. टेम्पो वळणावर दिसंनासा झाला न झाला तोवर जेसीबी आला. दुपारचा चहा उकळंपर्यंत तितं चुलीची जागा सुदिक ओळखू येईना. आता तितं ट्रक उभे ऱ्हात्यात. एका बाजूला बयाआक्काचं घर राहिलं, दुसऱ्या टोकाला माझं. माझं पक्क्या विटांचं, माझ्या नवऱ्यानं हयातीत बांधल्यालं. आक्काचं पांढऱ्या मातीचं, वर कौलं.

आक्काच्या घराला बी कंपनीची माणसं दोनदा विचारून गेलती. आक्का त्यास्नी बसायला घोंगडं टाकायची, चहा पाजायची आणि "न्हाय" म्हणायची. एवढंच. भांडण न्हाय, तंटा न्हाय.

पण भिंत काय माणसाच्या न्हाईवर उभी ऱ्हात न्हाय. महापुराचं पाणी तिच्या मागच्या भिंतीत मुरलंवतं. त्यात कंपाउंडच्या पलीकडं साचे फोडायचं मशीन. ते सुरू झालं की आमच्या मांडणीतली ताटं वाजत्यात. भिंतीनं पोट काढलं, वरनं खालपतूर भेग गेली. भेगेत माझी बोटं जायची. आक्का एकटी, नवरा कवाच गेला, लेक निपाणीला दिल्याली. आणि ही म्हातारी त्याच भिंतीकडं डोकं करून झोपायची. मला रोज पडल्या पडल्या एकच भ्या, आज पडती का उद्या पडती. सकाळी तिच्या अंगणात खराट्याचा आवाज आला की माझा जीव भांड्यात पडायचा.

म्हणून सम्राट साहेबांनी मला बोलावलं तवा मला लई बरं वाटलं.

"क्रांतीताई, तुमच्या शेजारच्या आजींचं घर आपण दुरुस्त करून देऊ या," ते म्हणाले. "साहित्य कंपनीचं. माणसं आपापल्या इच्छेनं येणार, कुणावर सक्ती नाही. सोमवारी सुट्टीच आहे. मात्र आजींना दिवसभर बाहेर बसायला राजी करायचं काम तुमचं."

बरं वाटलं, आणि त्याच्या मागोमाग भ्या बी वाटलं. ज्यांनी दोनदा घर मागितलं तेच आता घर नीट करून देणार? पण साहेबांचं तोंड बघितलं तर भलं माणूस. मी मान हलवून आलो.

आक्का रोज माझ्याकडं चहाला येती. बाबासाहेबांच्या फोटोखाली पाटावर बसती, बशीत ओतून भुरके मारती. तिला सांगितलं तर बशी खाली ठेवली तिनं.

"न मागता देत्यात?"

"देत्यात तर घे की. भिंत पडून मरायचंय का तुला?"

"मरायचं भ्या न्हाय मला," आक्का म्हणाली. "घर गेल्यावर मी जगायचं कुटं, त्याचं भ्या हाय."

मी चिडलो. चांगलं झालं तरी वाकड्यात शिरायची सवयच तुझी, असं कायबाय बोललो. शेवटी ती तयार झाली ती माझ्या शब्दावर, कंपनीच्या न्हवं.

सोमवारी सकाळी दहा-बारा पोरं आली. सुट्टीचा दिवस सोडून, घरच्या बायकांच्या शिव्या खाऊन आली. त्यांच्या मनात काळंबेरं काय बी नव्हतं, हे मी आज बी छातीवर हात ठेवून सांगतो. आल्या आल्या चेष्टा सुरू. "मावशी, जेवायला तांबडा-पांढरा हाय न्हवं?" मी म्हणलं, "आधी भिंत उभी करा, मग रश्श्याची स्वप्नं बघा. झुणका हाय आणि भाकरी हाय."

त्यांचा म्होरक्या आकारामदादा. कंपनीत क्रेनखाली उभा राहून हातानं इशारा देतो तो. फाउंड्रीत आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत न्हाय. म्हणून वजन हवेत असताना एकाच माणसाच्या हाताकडं बघायचं. बाकी कोण बोंबललं तरी मान वळवायची न्हाय. दोघांचं ऐकायला गेलं की वजन तिसऱ्याच्या अंगावर येतं. हे पोरांच्या हाडात इतकं बसलंय की घरात बायको हाका मारून दमती आणि गडी ढिम्म.

काम असं ठरलं. घराच्या मागं लोखंडी घोडी, म्हणजे उंच तिवई, उभी करायची, तिला वजन उचलायची चेन पुली लावायची. मधलं आडं, म्हणजे सगळ्या छपराचा भार घेणारं मोठं लाकूड, त्याचं मागच्या भिंतीवर टेकल्यालं टोक चार बोटं वर उचलायचं. मग पोट काढल्याली भिंत उतरवायची आणि सिमेंटच्या ब्लॉकची नवीन उभी करायची. आकारामदादानं सगळं दोनदा फिरून बघितलं. "आत माणूस नको, मांजर बी नको," एवढंच तो म्हणाला.

तवाच आक्कानं उंबऱ्यात उभं राहून मला ते विचारलं. मी "व्हय की" म्हणलं, तिचा हात धरला आणि माझ्या कट्ट्यावर बाजल्यावर आणून बसवली.

मागची कौलं उतरली. भिंतीचं डोकं पहारीनं उतरायला लागलं. दोघं जण साखळी ओढत हुते, आडं करकरत हुतं. मी आक्काला चहा दिला आणि भाकऱ्या थापायला आत गेलो. तव्यावर भाकरी टाकली आणि रस्त्यावर घरघर ऐकू आली. माझ्या ओळखीची घरघर. मी तशीच पिठाच्या हातानं दारात आलो.

जेसीबी. तोच पिवळा, तोच डायव्हर, त्याच ट्रकांच्या जागेत येऊन उभा राहिला. कंपनीचा हाताशी असल्याला, पडल्याली माती न्यायला कुणीतरी बोलावल्याला असणार. घमेल्यानं माती कशाला वाहायची, एवढाच विचार. कंपनीतल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पण तो आक्काच्या घराकडं तोंड करून उभा राहिला आणि मला सुदिक ती पुसल्याली चुलीची जागा आठवली.

बाजल्याकडं बघितलं. चहा तसाच भरल्याला, आक्का न्हाय.

ती कुटं गेली हे मला विचारायला लागलं न्हाय. मी पळत तिच्या पुढच्या दाराशी गेलो. आतनं कडी.

"आक्का, दार उघड. मागची भिंत उतरवायला लागल्यात."

"न्हाय उघडत," आतनं आवाज आला. "पिवळा आलाय. मी आत हाय तवर न्हाय पाडणार त्यो."

"आगं, माती न्यायला आलाय त्यो. तुझ्या पाया पडतो, उघड."

आत धप्पकन काहीतरी पडलं. भिंतीचा लपका असणार. आक्का ओरडली सुदिक न्हाय. मी घराला वळसा घालून मागं पळालो. ओरडत पळालो, घसा फुटंस्तोवर. "थांबवा, आत माणूस हाय, आक्का आत हाय."

एकानं मान वळवली न्हाय. साखळीवरची दोघं आकारामदादाच्या हाताकडं बघत हुती. पहारीवाले त्याच हाताकडं. आकारामदादाची नजर आड्यावर, आणि त्याचा अंगठा वर, म्हणजे अजून उचला. पलीकडं जेसीबीची घरघर. माझी माणसं, माझ्या डब्यातलं खाल्ल्याली, आणि त्यांच्या लेखी मी तितं नव्हतोच. आयुष्यात एवढं भ्या कवा वाटलं नव्हतं मला.

मग डोकं चाललं. तोंडाचा उपयोग न्हाय. मी सरळ आकारामदादा आणि साखळीवाल्यांच्या मधी घुसलो. तसं कुणी जायचं नसतं. आणि दोन्ही हात आडवे पसरले. थांबायची खूण. ती एक खूण कुणी बी दिली तरी ऐकायची असती.

साखळी थांबली. पहारी थांबल्या.

"आत आक्का हाय," मी म्हणलं. "आतनं कडी लावलीया."

आकारामदादानं साखळी हाय तशी धरायला सांगितली. सकाळपासनं बाजूला उभे असल्याले सम्राट साहेब मोबाईल खिशात टाकत पुढं आले. "पण त्या बाहेर होत्या ना? तुम्ही त्यांना बाहेर आणलं होतं."

"आणलंवतं. जेसीबी बघून आत गेली."

"अहो, तो माती न्यायला आलाय."

"ते तिला कोण सांगितलंय, साहेब? मला तरी कोण सांगितलंय?"

साहेबांनी जेसीबीला हात केला, घरघर बंद झाली. तशी छपराचा करकर आवाज स्पष्ट ऐकू यायला लागला. आकारामदादा हळू आवाजात म्हणाला, "आडं आता साखळीवर हाय. खाली टेकवता येत न्हाय, भिंतीचं डोकं गेलंय. पुढचं दार फोडलं तर हादऱ्यानं उरल्याली बी येईल. आड्याखालच्या ह्याच फटीतनं कुणीतरी हलक्या अंगाचं आत जायचं आणि तिला आणायचं."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मी पदर खोचला. माझ्या शब्दावर ती भाईर आलती, दुसरं कोण जाणार?

फटीतनं आत शिरलो तर निम्म्या घरात आभाळ दिसत हुतं. डोक्यावर आडं लोंबत हुतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी माती पिठासारखी गळत हुती. आक्का मधल्या खांबाला, मेढीला, दोन्ही हातांनी मिठी मारून बसलीवती. केसात, भुवयांवर माती. मी तिच्याजवळ गेलो आणि दंडाला धरलं. तिनं झिडकारलं.

"तू बी त्यांचीच. त्यांचं खातीस."

"व्हय, खातो. राबून खातो. चल ऊठ."

"तू म्हणालीस परत आत जाता येईल. शपथ घे."

"घेतो की. चल तू आधी."

"तुझ्या पोटच्या पोराची घे."

माझं पोरगं बारावीला हाय, इचलकरंजीला मामाकडं शिकतंय. त्याचं नाव जिभेवर आलं आणि अडकलं. वर लाकूड करकरलं, ढेकूळ माझ्या पाठीवर पडलं, तरी ते नाव तोंडातनं निघंना. मला खरंच म्हाईत नव्हतं. ही भाईर आल्यावर वरनं फोन येणार न्हाय, "आता भिंत उतरलीच हाय तर सगळंच उतरवा, धोक्याचं घर हाय" असं कुणी म्हणणार न्हाय, हे मी कशावरनं सांगू?

"मला ठाव न्हाय, आक्का," मी म्हणलं. "खरंच ठाव न्हाय."

ती पहिल्यांदा माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मग ज्याला ठाव हाय त्याला बोलव."

मी फटीकडं तोंड करून हाक मारली, हळूच. "साहेब, आत या. आक्काला सांगा, हे घर पाडणार न्हाय म्हणून. तुमी सांगा, मग ती येती."

सम्राट साहेब फटीपाशी आले. डोक्याला पिवळं हेल्मेट, अंगात नवीन टी-शर्ट. ते आत आले न्हाईत. आड्याकडं बघितलं, आक्काकडं बघितलं. पोरं सगळी मागं उभी हुती, सगळी ऐकत हुती.

"साहेब, पाडणार न्हाय एवढंच म्हणा," आकारामदादा म्हणाला.

"मी आज पाडत नाहीये," साहेब म्हणाले. "पुढचं मी कसं सांगू? ते माझ्या हातात नाही. मी खोटं बोलू का?"

खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला त्या वेळी वाटलं. आक्कानं मेढीला आणखी घट्ट धरलं. मी तिच्या शेजारी मांडी घातली आणि बसलो.

"मग मी बी हितंच हाय," मी म्हणलं. "काय करायचं ते करा."

भाईरनं आकारामदादाचा आवाज आला. साहेबांना विचारत नव्हता तो, पोरांना सांगत हुता. "आधी ठेपे आत सरकवा. दोन आड्याला, एक वाशांना. त्या दोघी आत असताना बांधायचं. पहार कुणी जोरात मारायची न्हाय. आणि आता हातावर न्हाय, तोंडावर काम. क्रांतीबाईनं 'थांबा' म्हणलं की थांबायचं."

लोखंडी ठेपे, म्हणजे टेकू द्यायचे खांब, फटीतनं आत आले. मी धरले, आकारामदादानं भाईरनं सांगितलं तसे उभे केले, पान्यानं आवळले. दर फिरक्याला वर करकर. भिंतीची उरल्याली माती त्यांनी हातानं उतरवली, पाटीभर पाटीभर, लहान बाळाला आंघोळ घालावी तशी. मग ब्लॉक यायला लागले. एक थर, त्यावर माल, दुसरा थर.

आणि मग मला दुसरंच भ्या वाटायला लागलं. भिंत वर येईल तसा उजेड कमी हुत गेला. आधी पोरांच्या कमरा दिसंनाशा झाल्या, मग छात्या, मग नुसती तोंडं. आमाला भिंतीत चिणायला लागल्यात असंच वाटलं मला. दोन-तीनदा "थांबा" म्हणलं, श्वास घेतला, मग "चालू द्या" म्हणलं. आक्काचं उलटं. अंधार वाढंल तशी तिची मिठी सैल पडत गेली. भिंत आड्याला टेकली तवा तिनं मेढ सोडली आणि पदरानं तोंड पुसलं.

वर कौलं चढली. जेसीबीनं मातीचा ढीग भरला आणि तो गेला. आक्कानं तो गेल्याची खात्री कानानं करून घेतली, मग पुढच्या दाराची कडी काढली, पण उंबरा ओलांडला न्हाय. भाकरी माझ्या तव्यावर कोळसा झालीवती. पोरं उपाशीच सायकली, मोटारसायकली काढायला लागली. कुणी चेष्टा केली न्हाय.

"मावशी, ठेपे पुढच्या सोमवारी काढायला येतो," आकारामदादा आक्काला म्हणाला. "तवर हात लावायचा न्हाय."

"ये बाबा. एकटा ये."

सम्राट साहेब सगळ्यात शेवटी गेले. माझ्याजवळ थांबले. "ताई, उद्या जरा ऑफिसमध्ये येऊन जा. काळजी करू नका, सहज बोलायचंय." चांगल्या आवाजात म्हणाले. मी "येतो साहेब" म्हणलं. ते हसले न्हाईत.

ते गेल्यावर आक्कानं नव्या भिंतीवर हात फिरवला. अजून ओली हुती. मग दारात येऊन माझ्या घराकडं बघत बसली.

"क्रांते, तुझ्या भिंती पक्क्या हायत न्हवं?"

"हायत की. विटांच्या हायत."

"मग तुला काय सांगून भाईर बोलवतील गं?"

झोप आता, दमलीस, असं म्हणून निघालो. ऊन अजून कंपाउंडवर हुतं, पोरं लांब रस्त्यावर दिसत हुती. घरात आलो, कडी लावली, आणि दाराला पाठ लावून तशीच खाली बसलो.